ज्यांची तिथी माहीत नाही

२००६च्या उन्हाळ्यात बाबा माझ्याकडे अमेरिकेत, डॅलसजवळच्या अर्विंगला सहा महिन्यांसाठी आले. आईला जाऊन दीड वर्ष झालं होतं. साताऱ्याच्या घरात ते एकटेच राहत होते आणि फोनवर दर वेळी "मजेत आहे" म्हणत होते, म्हणून शेवटी मीच तिकीट काढलं. इथे आल्यावर मात्र त्यांची पंचाईत झाली. मी सकाळी ऑफिसला जायची, आणि गाडी चालवता येत नसेल तर इथे दूध आणायलाही बाहेर पडता येत नाही, हे पहिल्या आठवड्यातच त्यांच्या लक्षात आलं. मग ते पब्लिक लायब्ररीत जाऊन बसायला लागले. जाताना मी त्यांना सोडायची, येताना घ्यायची.

सहलीची जाहिरात त्यांना तिथेच दिसली. सप्टेंबरातल्या एका शनिवारी ख्मेर, म्हणजे कंबोडियाच्या, संस्कृती आणि इतिहासाची ओळख. सकाळी फोर्ट वर्थच्या एका म्युझियममधली शिल्पं, दुपारी डॅलसबाहेरचं ख्मेर लोकांचं बौद्ध देऊळ, आणि दिवसभर गाइड सोबत. बाबांचा सगळा जन्म शाळेत इतिहास शिकवण्यात गेलेला.

"अंगकोर मी दोन ओळींत उरकायचो," ते म्हणाले. "परीक्षेला यायचं नाही ना. जाऊन तर बघू."

व्हॅनमध्ये आमच्याशिवाय सगळे रिटायर झालेले अमेरिकन होते. गाइड चाळिशीच्या एक ख्मेर बाई होत्या, एका शाळेत काउन्सेलर. केस बारीक कापलेले, पायात स्नीकर्स. बोलणं मोजकं, आणि प्रश्न विचारला की उत्तर देण्याआधी क्षणभर थांबायची सवय.

म्युझियममध्ये हरिहराच्या मूर्तीसमोर बाबा बराच वेळ उभे राहिले. हात तुटलेले, पण चेहरा शाबूत. डोक्याच्या एका बाजूला शंकराच्या जटा, दुसऱ्या बाजूला विष्णूचा उंच मुकुट. बाबा देवधर्म करणारे नव्हते. आमच्या घरात देव्हारा होता तो आईचा. ती गेल्यावर त्यांनी त्यावर कापड घातलं आणि तेरावं, वर्षश्राद्ध यांतलं काही केलं नाही. नातेवाइकांनी बरंच ऐकवलं, तेही त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतलं. मूर्तीसमोर ते एवढंच म्हणाले, "घडवणाऱ्याचा हात काय असेल!"

देऊळ फ्रीवेपासून आत, मोकळ्या जमिनीवर होतं. पत्र्याच्या मोठ्या शेडसारखा हॉल आणि त्यावर सोनेरी टोकांचं छप्पर. पार्किंगमध्ये पिकअप ट्रक आणि मिनीव्हॅनची गर्दी, दाराशी चपलांचा ढीग. आत बायका पांढरे ब्लाउज घालून, खांद्यावरून पांढरी वस्त्रं घेऊन बसल्या होत्या. गवती चहाचा आणि शिजलेल्या भाताचा वास सगळीकडे भरून राहिला होता.

गाइडबाईंनी आम्हाला बाहेर सावलीत उभं करून समजावलं. हे पंधरा दिवस मेलेल्यांचे. या दिवसांत ते आपल्या माणसांना शोधत देवळोदेवळी फिरतात. कुठेच आपलं कोणी भेटलं नाही तर उपाशी परत जातात. म्हणून पहाटे भाताचे तीळ घातलेले गोळे करून देवळाभोवती टाकायचे, आणि दिवसा भिक्खूंना जेवू घालायचं. "त्या गोळ्याला आम्ही बेण म्हणतो," त्या म्हणाल्या.

"पिंड," बाबा मला मराठीत म्हणाले. "अगं, भाद्रपद वद्य पक्षच चाललाय की. आपला पितृपक्ष."

माझ्या ते ध्यानातही नव्हतं. भिंतीकडेला पहाटेच्या भाताची शितं अजून पडलेली होती, आणि टेक्ससमध्ये प्रत्येक पार्किंगमध्ये दिसणारे ते काळे, लांब शेपटीचे पक्षी ती टिपत होते. बाबा म्हणाले, "इथे कावळ्याची वाट बघत बसावं लागत नाही."

सहलीतल्या कोणीतरी गाइडबाईंना त्यांच्या घरच्यांबद्दल विचारलं. त्या सरळ सांगायला लागल्या. त्या लहान असताना, कंबोडियात कत्तली चालल्या होत्या त्या काळात, वडिलांना एका संध्याकाळी मीटिंगला म्हणून बोलावून नेलं, ते परतले नाहीत. मोठा भाऊ कालवा खणायच्या कामावर होता, तिथून तो आलाच नाही. आई आणि त्या चालत थायलंडच्या हद्दीपर्यंत पोचल्या, मग छावणी, मग डॅलस. हे सगळं त्यांनी म्युझियममधल्या मूर्तींबद्दल बोलत होत्या त्याच आवाजात सांगितलं.

"कुठल्या दिवशी गेले ते आम्हाला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून हे दिवस."

"आमच्याकडेही तिथी माहीत नसलेल्यांसाठी एक अमावास्या असते," बाबा त्यांच्या शाळामास्तरी इंग्रजीत म्हणाले.

"तुमचं कोण?"

"माझी बायको. तिचा दिवस माहीत आहे. पण मी काही करत नाही. माझा विश्वास नाही."

गाइडबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "जेवायला वाढायला विश्वास कशाला लागतो?" असं म्हणून त्या आम्हाला आत घेऊन गेल्या.

भिक्खूंची पात्रं टेबलावर ओळीने मांडलेली होती. लोक हातात भाताचं भांडं घेऊन पुढे सरकत होते, प्रत्येक पात्रात एक एक चमचा भात घालत होते. गाइडबाईंनी एक भांडं बाबांच्या हातात दिलं. ते नको म्हणतील असं मला वाटलं, पण ते रांगेत उभे राहिले आणि प्रत्येक पात्रात सावकाश, न सांडता भात वाढत गेले. रांगेच्या शेवटी एक म्हातारे भिक्खू बसले होते. त्यांनी गाइडबाईंमार्फत विचारलं, कोणासाठी?

बाबांनी आईचं पूर्ण नाव सांगितलं. मी ते त्यांच्या तोंडून जवळजवळ कधीच ऐकलं नव्हतं. घरात सगळं "अगं ऐकलंस का" यावरच भागायचं. भिक्खूंनी ते नाव उच्चारून पाहिलं, पण चुकलं. बाबांनी दुरुस्त केलं. पुन्हा चुकलं, पुन्हा दुरुस्त केलं, वर्गातल्या मुलाला सांगावं तसं तोडून तोडून. तिसऱ्या वेळी ते बरोबर आलं. मग भिक्खूंनी डोळे मिटून पठण सुरू केलं आणि त्या अनोळखी शब्दांच्या मधोमध आईचं नाव आलं. बाबा हात न जोडता, मान खाली घालून उभे होते. मला रडू येईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. मी फक्त ऐकत राहिले.

परतीच्या वाटेवर गाडीत मी विचारलं, "बाबा, मग घरी का नाही केलंत?"

"घरी सगळे 'करायलाच पाहिजे' म्हणत होते," ते म्हणाले. "या बाईंनी नुसतं भांडं हातात दिलं."

पुढच्या आठवड्यात, त्या पंधरवड्याच्या शेवटच्या दिवशी, गाइडबाईंनी सुट्टी घेतली होती. मला ऑफिस होतं. बाबांनीच त्यांना फोन केला, आणि त्या येऊन त्यांना देवळात घेऊन गेल्या. संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा ओट्यावर केळीच्या पानात बांधलेला चिकट भात ठेवलेला होता आणि बाबा चहा टाकत होते.

"दिवसभर काय केलंत?"

"केळीची पानं पुसली. बाईंच्या आईच्या शेजारी बसलो होतो. तिला इंग्रजी येत नाही, मला त्यांची भाषा येत नाही. ती बोलत होती, मी हं हं करत होतो." ते चहा गाळायला लागले. "बरं वाटलं."