नवरदेवांची गाडी

माझ्या गाडीत नर डास असतात. प्रयोगशाळेत किरणं देऊन त्यांना वांझ केलेलं असतं. ते चावत नाहीत, आणि मादीशी जुळले तरी तिची अंडी फुटत नाहीत. असे सोडत राहिलं की गावातले डास हळूहळू कमी होतात, असं आमच्या प्रकल्पाच्या मॅडम सांगतात. वारंगा फाट्यावरून खोकी उचलायची, गाडी थंड ठेवायची आणि धक्का न लावता हट्ट्याला पोचवायची, एवढं माझं काम. खोक्यांत साखरपाण्याचे बोळे असतात. माझ्या डब्यात कालची भाकर असते.

पहिल्याच दिवशी गाव वेशीत आडवं आलं. "डास काय कमी हायेत, अजून आणून राहिले?" एका म्हाताऱ्यानं विचारलं. मॅडम हसून म्हणाल्या, "बाबा, हे सगळे नवरदेव आहेत, चावायचे नाहीत." झालं, बायांनी तो शब्द धरून ठेवला. नवरदेव वेशीत आला की त्याला ओवाळायचं, ही तिथली रीत. ताट आलं, उदबत्त्यांचा जुडगा खोक्यांसमोर फिरला, भाकरतुकडा ओवाळून टाकला. दार उघडून धरायला मी होतोच. पस्तिशी उलटली तरी माझ्यावरून कुणी भाकरतुकडा ओवाळला नव्हता. कंत्राटी ड्रायव्हरला पोरगी देतं कोण? माझ्या पोटात दुखलं. डासांचा हेवा करणारा माणूस दुसरा कुणी असेल तर मला त्याला भेटायचंय.

त्या धुरानं पुष्कळसे नवरदेव खोक्यातच आडवे झाले. मॅडमनी मला सगळ्यांसमोर झाडलं. तेव्हापासून ताट घेऊन कुणी गाडीकडं आलं की माझ्या तोंडून आपोआप निघायचं, "आधी ते विझवा."

ताट आणणारी मावशी शेळ्या राखणाऱ्या घरातली. तिची लेक रोज खोकी उतरवताना बघायला यायची. बाकी सगळे विचारायचे, डासांना उकडत नाही ना, भूक लागत नाही ना. ती एकदा म्हणाली, "एवढ्या गारठ्यात तुमाला थंडी वाजत न्हाई का?" माझी चौकशी करणारी ती पहिलीच. त्या दिवशी खोकी उतरवायची मी जवळजवळ विसरलो.

बोलणी झाली. तिच्या वडिलांना मी बिडी-तंबाखू खात-पीत नाही हे फार आवडलं. खोक्यांजवळ वास चालत नाही म्हणून ती सवय सुटली होती, एवढे तरी डासांनी माझे पांग फेडले. टिळ्याचा दिवस ठरला.

डासांना सुट्टी नसते. घरचे लोक जीपनं पुढं गेले आणि मी खोकी घेऊन मागून निघालो. अंगावर नवा शर्ट, अत्तर नाही. तिच्या दारात गाडी उभी केली, मागचं दार उघडून खोकी बघितली. वळलो तर मावशी ताट घेऊन समोर. दिवा, उदबत्ती, भाकरतुकडा.

मी सवयीनं बाजूला सरकलो आणि म्हणालो, "आधी ते विझवा."

ती जागीच थांबली. ताट माझ्यासाठी होतं. मला ते कळलं तोवर मागून तिची जाऊ बोलली होती, "टिळ्याचा दिवा इझवाय लावतो का कुणी?" मी डासांचं, धुराचं सांगत बसलो. ऐकून घ्यायला कुणी थांबलं नाही. पोरीचे वडील एवढंच म्हणाले, "अपशकुन झाला. आता नको." पोरगी दारामागं होती.

पुढं तिचं लग्न शिरड शहापूरच्या एका दुकानदाराशी झालं. लग्नाच्या दिवशीही माझी फेरी होतीच. वेशीत वऱ्हाड अडलेलं, त्याच्या मागं माझी गाडी. नवरदेव मान वाकवून ओवाळून घेत होता. तो दिसायला बरा होता, हेही मला सहन झालं नाही.

ओवाळणं उरकून मावशी ताट घेऊन माझ्या गाडीजवळून जायला निघाली. उदबत्ती जळत होती. मी काच खाली केली, पण या खेपेला तोंड उघडलं नाही. तिनं आपणहून उदबत्ती मातीत खुपसून विझवली, मागच्या खोक्यांकडं एकदा बघितलं आणि निघून गेली. माझ्याकडं बघितलं नाही.