जांभळीपुढचे बूट

मळवलीच्या एका बंगल्याची राखण आम्ही नवरा-बायको करायचो, तेव्हाची ही गोष्ट. सत्तर साल उलटून गेलं होतं. वादळात फाटकाजवळची जांभूळ मुळासकट वाटेवर आडवी झाली, आणि दुसऱ्याच दिवशी मालकांचे पाहुणे गाडीने येणार होते.

मालकांनी परदेशातून पेट्रोलवर चालणारी करवत आणली होती. यांना ती शिकवत होते तेव्हा मी ओसरीवर तांदूळ निवडत सगळं ऐकलं होतं. पायात जाड बूट हवेत. अंगावर लोंबणारं कापड नको. जवळ कुणी उभं राहायचं नाही, आणि लाकूड पायाने दाबून धरायचं तर मुळीच नाही. हे नुसते "व्हय साहेब, व्हय साहेब" करत होते. माझ्या डोक्यात मात्र शब्द न् शब्द रुतून बसला.

सकाळी यांनी करवत बाहेर काढली, जांभळीजवळ गेले आणि चपला काढून बाजूला ठेवल्या. मला वाटलंच होतं. आंदर मावळातल्या आमच्या वाडीत पायताण घालून झाडाला हत्यार लावत नाहीत. आडव्या पडलेल्या झाडालाही नाही.

"साहेबांनी दिलेले बूट घाला," मी म्हटलं.

"झाडापुढं पायताण? आजवर न्हाई घातलं."

"अवं, ही काय कुऱ्हाड हाय व्हय?"

हे ऐकतात कसले! मी घरात गेले, चहा ठेवला, उकळायच्या आत उतरवला, परत बाहेर आले. जिवाला थारा म्हणून नव्हता. माणूस हट्टी असला की त्याच्या बायकोने जगायचं कसं, हे कुणी सांगत नाही. शेवटी मीच चपला काढल्या, बुंध्यावर हात ठेवला आणि मोठ्यांदा म्हटलं, "बाई, पाप माझ्या माथी घाल, पर ह्यांना बूट घालू दे."

हे हसले. पण बूट घातले. दोन बोटं सैल होते, म्हणून आत चिंध्या कोंबल्या.

मशीन सुरू झालं. कान बधिर करणारा आवाज. लांब उभं राहायचं म्हणून मी विहिरीपर्यंत जायची, आणि राहवेना म्हणून अर्ध्या वाटेवर परत यायची. बारीक फांद्या झाल्या. मग जाड फांदी आली, आणि यांनी सवयीने पाय उचलून तिच्यावर दाबला. कुऱ्हाडीने लाकूड तोडताना जन्मभर तसंच दाबत आलेले. मी ओरडले. त्या आवाजात माझं कोण ऐकणार! फांदी एकदम तुटली आणि करवत आपल्या वजनाने सरळ पायावर आली.

मशीन बंद पडलं. मी धावले. उजव्या बुटाचं टोक चिरलं होतं आणि चिंध्या बाहेर आल्या होत्या. रक्त कुठे दिसत नव्हतं, तरी माझा विश्वास बसेना.

हे बुटाकडे बघत म्हणाले, "आता साहेबाला काय सांगू?"

मला असा राग आला! फाटकाबाहेर चार माणसं बघत उभी होती. त्यांच्यादेखत मी मातीत बसले, यांचा बूट ओढून काढला, पाय मांडीवर घेतला आणि बोटं मोजली. पाच होती. मी पुन्हा मोजली.