डेलॉय सोरेन्सन कुठेही जायला तयार होता

डेलॉय सोरेन्सनने आयुष्यात दोनच गोष्टी मनापासून केल्या. टर्की पाळल्या, आणि शेजारच्या ऑर्व्हल नीलसनशी पाटाच्या पाण्यावरून भांडण केलं. एकोणसत्तराव्या वर्षी त्याने टर्की विकून टाकल्या. भांडण ठेवलं.

मग त्याने मिशनवर जायचं जाहीर केलं. पोरं मार्गी लागली की म्हाताऱ्या जोडप्याने वर्ष-दीड वर्ष देवाच्या कामाला जावं, अशी विलो बेंड गावातल्या चर्चची रीत. कोणी घानाला जातं, कोणी फिलिपिन्सला. परत आल्यावर उरलेलं आयुष्य लोकांना फोटो दाखवण्यात जातं. डेलॉयला हे शेवटचं फार हवं होतं.

अर्जात आवडीची जागा लिहायला एक रकाना होता. बिशप गॅरन रविवारी चर्च सांभाळायचा, उरलेला आठवडाभर टायर विकायचा. व्यवहारी माणूस. तो म्हणाला, "मनात असेल ते लिहून टाक, डेलॉय. वयस्करांचं ऐकतात."

"मी देवाला पत्ता सांगू?" डेलॉय म्हणाला आणि रकाना कोरा सोडला.

उपवासाच्या रविवारी चर्चमध्ये ज्याला वाटेल त्याने उठून श्रद्धेची साक्ष द्यायची असते. डेलॉयला वाटलं. "आम्ही रकाना कोरा ठेवलाय," तो म्हणाला. "देव पाठवेल तिथे. कुठेही." आवाज बरोबर जागी फुटला. दोघीतिघींनी डोळे पुसले. तिसऱ्या रांगेत ऑर्व्हलने घड्याळ पाहिलं.

घरी येऊन त्याने मोठी गवती हॅट मागवली. ताहिती बेटावरच्या उन्हासाठी.

"कोऱ्या रकान्यात ताहिती कुठे दिसली तुला?" बायकोने, आर्विलाने, विचारलं.

"देवाला माझं मन कळतं."

"मग गुडघेही कळत असतील." डॉक्टरी फॉर्म आर्विलाने भरला होता. खरा.

नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा रीतीप्रमाणे ते न फोडता सगळ्यांना बोलावलं. भिंतीवर जगाचा नकाशा. ज्याने त्याने अंदाजाची टाचणी टोचायची. डेलॉयने ताहितीवर टोचली, जरा जोरातच. टेबलावर चीजमधले बटाटे आणि गाजर घातलेली हिरवी जेली. जेली ऑर्व्हलने आणली होती. शेजारधर्म.

डेलॉय उभा राहून वाचू लागला. "आपल्या प्रकृतीचा विचार करून... घरी राहून सेवा... विलो बेंड येथील गरजूंचं धान्यभांडार."

भांडार घरापासून चार गल्ल्यांवर होतं. तिथला कारभार कोण बघतं हे पत्रात लिहायची गरज नव्हती. सगळ्यांनी ऑर्व्हलकडे पाहिलं.

कोणी हसलं नाही. सभ्य लोक. जेलीसुद्धा हलायची थांबली.

"मंगळवारी ये," ऑर्व्हल म्हणाला. "नऊ ते बारा. तेव्हाच माणसं कमी पडतात."

मंगळवारी नऊ ते बारा डेलॉयची पाण्याची पाळी. बावीस वर्षं तो त्या वेळी पाटाच्या दारापाशी फावडं घेऊन उभा होता. कारण पाठ फिरली की पाणी ऑर्व्हलच्या लसूणघासात जायचं.

"ऑर्व्हल, मंगळवार सोडून कधीही—"

"कुठेही म्हणाला होतास, ब्रदर. केव्हाही त्यातच आलं की."

पाहुणे गेल्यावर डेलॉय स्वयंपाकघरात खुर्चीत बसला. "नाही म्हणून कळवतो. गुडघे दुखतात."

"ताहितीत दुखले नसते?" आर्विला भांडी विसळत होती. "कळव की. पुढच्या साक्षीला उठून सांग, देवा, कुठेही पाठव, फक्त ऑर्व्हलच्या हाताखाली नको."

त्याने खिडकीतून पाटाकडे पाहिलं. मग नकाशाकडे. "पाळीचं काय?"

"मी उभी राहीन."

"तुला नाही जमायचं. ते बाईमाणसाचं काम नाही." हे तो बावीस वर्षं म्हणत होता.

मंगळवारी डेलॉय छातीवर मिशनवाल्यांची 'एल्डर सोरेन्सन' अशी नावपट्टी लावून घेवड्याचे डबे रचत होता. दहाच्या सुमाराला ऑर्व्हलचा फोन वाजला. त्याची बायको इतक्या जोरात बोलत होती की डेलॉयलाही ऐकू आलं. घासात पाण्याचा थेंब नाही. पाटाच्या दारावर आर्विला खुर्ची टाकून बसलीय, फावडं मांडीवर घेऊन. हलायला तयार नाही. वर मलाच विचारते, सरबत आणतेस का.

ऑर्व्हलने फोन ठेवला. "डब्यांची नावं पुढे येऊ देत, एल्डर," तो म्हणाला.

बाराला डेलॉय घरी आला. शेत बांधापर्यंत भिजलं होतं. इतकं पाणी त्याच्या पाळीला कधी आलं नव्हतं. आर्विला ओट्याशी पाव कापत होती. डोक्यावर गवती हॅट तशीच.

"पुढच्या आठवड्यापासून मी..." डेलॉयने सुरुवात केली.

"मंगळवार माझ्याकडे राहू दे," ती म्हणाली. "आणि हॅटही. तुला भांडारात कुठलं ऊन लागतंय?"