कांद्याच्या वाफ्यातली वरपरीक्षा

"आधी हलवा, मग ओढा," असे म्हणून ते समोरच्याचे मनगट धरीत. कचेरीतला अडकलेला खण असो, शाईच्या बाटलीचे बूच असो, की मॅनेजरसाहेबांकडून मिळवायची रजा असो, त्यांचा उपाय एकच. मनगट हवेत डावीउजवीकडे हलवून ते प्रात्यक्षिक देत, आणि तोवर खण आणखी घट्ट बसलेला असे.

गिरणीच्या कचेरीत ते आमचे हेडक्लार्क होते आणि माझ्या दुर्दैवाने शेजारीही. असा एक मनुष्य प्रत्येक कचेरीत असतो, तुम्हीही पाहिला असेल. पण तुमचा निदान रविवारी तरी तुम्हाला सोडत असेल. आमचे हेडक्लार्क रविवारी उजाडताच कडी वाजवीत आणि कचेरीतल्या आम्हा तिघाचौघांना कांदे उपटायला नेत.

होटगीच्या वाटेवर गंगव्वा नावाच्या बाईचा विहिरीवरचा मळा होता. तिचे माहेर अक्कलकोटच्या पलीकडे. तिकडून तिने लहान लाल कांद्याचे बेणे आणले होते. हा कांदा सुपारीहून थोडा मोठा. एक लावला की जमिनीत त्याचा घोस होतो. नुसती पात धरून हिसका दिला तर पात हातात येते आणि घोस मातीत राहतो. खुरप्याने बाजूची माती सैल करून, बुडाशी धरून हलवला, तर सबंध निघतो. विद्या एवढीच. पण ती शिकवायला त्यांना दर रविवारी नव्याने सबंध सकाळ लागे.

बाजारातला कांदा ते घरात येऊ देत नसत. तो कुणी उपटला, कसा उपटला, काय माहीत, असा त्यांचा प्रश्न. त्यांच्या पंगतीला बसायचे तर आपले कांदे आपण उपटायचे आणि आपणच सोलायचे. सुपारीएवढे कांदे सोलणे म्हणजे काय, हे ज्याने केले नाही त्याला सांगून कळणार नाही. नखे दुखतात, डोळे वाहतात आणि वाटीचा तळ काही झाकत नाही. चातुर्मासात कांदा वर्ज्य असल्याने तेवढे महिने आम्हाला सुटी मिळे. जवळच्या बाळे गावच्या खंडोबाची चंपाषष्ठी झाली, की पुन्हा कडी वाजे. आषाढ लवकर यावा म्हणून मनापासून वाट पाहणारे सोलापुरात आम्ही तिघेचौघेच असू.

कालवण मात्र उत्तम होई, हे रागातही कबूल केले पाहिजे. मळ्यातच तीन दगडांवर पातेले चढे. करडईच्या तेलात अख्खे कांदे परतायचे, काळे तिखट आणि शेंगदाण्याचे कूट घालायचे, आणि रस्सा आटत आला की ज्वारीच्या भाकरीबरोबर खायचे. ते करायची त्यांची मुलगी, मथू. तिची आई ती लहान असतानाच गेली होती. मथू मराठी फायनल पास झालेली, शांत आणि नजरेने बारीक. तिचे लग्नाचे वय, त्या काळच्या हिशेबाने, उलटून चालले होते. गल्लीतल्या बायका आधी चौकशी करीत, आता नुसता सुस्कारा टाकीत.

या गोष्टीत गंगव्वाचाही थोडा दोष आहे. एकदा हे महाशय घोस हातात घेऊन, उन्हात धरून, त्याची मान चाचपीत बराच वेळ उभे राहिले. ती मोटेजवळून म्हणाली, "सायेब, एवडं जावई बगताना बगा की. कांदा काय, घटकाभरानं पोटात जायाचा."

आम्ही हसलो. ते हसले नाहीत. त्यांना ते पटले होते.

त्या हंगामात मथूला पाहायला येणाऱ्यांना मळ्यावर आमंत्रण जाऊ लागले. आमच्या भागात पाहुण्यांना हुरड्याला शेतावर बोलावतातच, त्यामुळे कुणाला वावगे वाटले नाही. वाटायचे ते हातात खुरपे आल्यावर वाटे.

पहिले स्थळ बार्शीकडच्या एका रावसाहेबांचे. रावसाहेब टांग्यातून उतरले, मागच्या टांग्यातून त्यांची खुर्ची उतरली. वाफ्याच्या कडेला खुर्ची मांडून ते आपल्या कुळाची थोरवी सांगत बसले. चिरंजिवांनी खुरपे गड्याच्या हातात दिले आणि रुमालाने हात पुसले, मातीला न लावलेले. आमच्या यजमानांनी त्यांना त्यांचे कांदे त्यांनीच काढण्याची विनंती तीनदा केली. चौथ्यांदा खुर्ची टांग्यात चढली. या नकाराचे मला दुःख झाले नाही.

दुसरे स्थळ केमचे. मुलगा तिथल्या स्टेशनात असिस्टंट स्टेशनमास्तर, घरची परिस्थिती साधी. त्याने पहिलाच हिसका असा दिला की तो पातीसकट मागे बसला. दुसऱ्यांदाही तेच झाले. मग हातातल्या पातीकडे पाहून तो मनापासून हसला आणि मथूला म्हणाला, "माझ्या हाती नुसतं हिरवं निशाण येतंय. तुम्हीच दाखवा." तिने दाखवले. सोलताना तो इतका रडला, की गंगव्वाने त्याला सासरी निघालेली पोर म्हटले.

मला वाटले, जमले. संध्याकाळी हेडक्लार्कांनी मला घरी बोलावून सांगितले, "कळवून टाका, पत्रिका जमत नाही."

मी विचारले, पत्रिका पाहिली का. ते म्हणाले, पत्रिकेत काय पाहायचे, घोस मोडणारा मनुष्य घर काय सांभाळणार. मी वाद घातला, आवाज चढवला, कचेरीत हेडक्लार्कांपुढे कधी चढवला नव्हता इतका. त्यांनी माझे मनगट धरले. मी ते सोडवून घेतले, घरी आलो आणि एका निरपराध मंगळाच्या माथी सगळे मारून केमला कळवले. मी निघालो तेव्हा मथू त्यांच्या दारात उभी होती.

तिसरा अक्कलकोटचा तरुण वकील. त्याने कोट काढून फांदीला लावला, माती चिमटीत घेऊन पाहिली, आणि एकामागून एक सबंध घोस असे काढले की गंगव्वासुद्धा मोट थांबवून बघत राहिली. काढलेले त्याने लहानमोठे असे ओळीने लावले. आमच्या हेडक्लार्कांचे डोळे भरून आले. अजून कुणी काही सोलले नव्हते. दोघे बांधावरून कांद्याच्या मानेविषयी बोलत फिरले. चुलीपाशी येऊन वकिलाने तिखट उशिरा घालावे अशी सूचना केली. पानावर बसल्यावर दोघांनी एकमेकांना आपापले कांदे वाढले. मी मनात मांडव घातला आणि रविवारी झोपायचा बेत केला.

पाहुण्यांचा टांगा दिसेनासा झाल्यावर ते मथूकडे वळून म्हणाले, "असा माणूस शोधून सापडत नाही."

मथू पातेले घाशीत होती. हात न थांबवता म्हणाली, "अण्णा, यांनी सकाळपासून माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. कांदे मात्र सगळे पाहिले."

"मग?"

"घरात तसे एक आहेत. तेवढे पुरेत."

मी बांधाकडे पाहू लागलो. अशा वेळी शेजाऱ्याने कुठे पाहावे, ते कुणी शिकवलेले नसते.

"तर मग कोण?" त्यांनी विचारले. आवाज कचेरीतला होता, पण टिकला नाही.

"केमचे."

"त्यानं पात तोडली, मथू."

"तोडली. आणि हसले. या वाफ्यात माणूस हसलेला मी किती वर्षांनी पाहिला."

गंगव्वा चुलीतली लाकडे बाहेर ओढीत होती. ती म्हणाली, "पोरगी बरुबर बोलतीया, सायेब." घरी येईपर्यंत हेडक्लार्कांनी कुणालाही काही शिकवले नाही. आम्ही उपटलेले कांदे मळ्यातच राहिले.

दुसऱ्या दिवशी कचेरीत कुणीतरी बातमी आणली, की केमच्या मुलाला कुर्डुवाडीचे एक स्थळ सांगून आले आहे आणि बोलणी पुढे गेली आहेत. मी हेडक्लार्कांना म्हणालो, पुन्हा कळवतो, ज्योतिषाचे गणित चुकले म्हणून. ते म्हणाले, "नको. तुम्ही फार खोटं लिहिलंत." कुणाच्या सांगण्यावरून लिहिले, हे ओठांवर आले होते, ते मी गिळले. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कारणाशिवाय रजा मागितली, आणि मला बरोबर घेतले.

केमला आम्ही भर उन्हात उतरलो. फलाटावर गाडी, दोन शेळ्या आणि तो मुलगा. गाडीला निशाण दाखवून तो आमच्याकडे वळला आणि ओळखून गडबडला. मी बाकावर बसलो. ते पुढे गेले. मी त्यांना कचेरीत ऐन वैशाखातही उघड्या डोक्याने पाहिले नव्हते. त्यांनी पगडी काढली, काखेत धरली आणि बोलू लागले. लांबून ऐकू काही येत नव्हते. पोराला त्या काढलेल्या पगडीचा अर्थ कळलाच नाही. त्याला वाटले, म्हाताऱ्याला ऊन लागले. तो धावत आत गेला, पाण्याचा तांब्या घेऊन आला, आणि हातातल्या हिरव्या निशाणाने त्यांना वारा घालू लागला.

परतीच्या गाडीत मी विचारले, काय म्हणाला तो.

"पाणी प्या म्हणाला," ते म्हणाले. मग पगडी नीट बसवून म्हणाले, "कुर्डुवाडीला नकार कळवतोय."

वैशाखात लग्न झाले. मथू केमला गेली, आणि पेन्शन मिळाल्यावर काही दिवसांनी तेही सोलापूर सोडून तिकडेच गेले. आता ते वारल्यालाही बरीच वर्षे झाली. मला रविवारी हवे तितके झोपता येते. गंगव्वाच्या मळ्याकडे मी फिरकत नाही, आणि बाजारातला कांदा आमच्या घरी मुकाट्याने शिजतो.

त्यांची आठवण आली, की ते मला मळ्यात दिसत नाहीत. केमच्या फलाटावर दिसतात. पगडीने चप्प बसलेले पांढरे केस, काखेत पगडी, आणि उंच धरलेला तांब्या. एरवी चहाची बशीसुद्धा न सांडता पिणारे ते गृहस्थ घटाघटा पाणी पीत आहेत, आणि निम्मे पाणी कोटावर सांडते आहे.