बटणावरचा तिसरा ठिपका

आमच्या बैठकीत दोन मोठे स्पीकर आहेत, कमरेएवढ्या उंचीचे. मी लग्न करून कासार आंबोलीत आले त्याआधीपासून ते या घरात आहेत, त्यामुळे मानाने ते माझ्याहून थोरले. त्यांच्यावरून नवऱ्याचे आणि माझे जेवढे खटके उडाले तेवढे सासरच्या कुठल्याही माणसावरून उडाले नाहीत. त्यांच्याबरोबर एक काळा प्रीअँप्लिफायर आणि एक जडशीळ पॉवर अँप्लिफायर असा सगळा संसार. प्रीअँप म्हणजे गाण्याचा आवाज नीटनेटका करून, हवा तेवढाच पुढच्या ताकदवान डब्याकडे पाठवणारा डबा. एवढं मला कळतं, आणि पौडच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईला एवढं पुरे आहे.

तर या संसारात नवऱ्याने होम थिएटर आणलं. नवा रिसीव्हर, म्हणजे सिनेमाचा आवाज सगळ्या स्पीकरना वाटून देणारा डबा, टीव्हीखाली ठेवायचा एक आडवा स्पीकर, मागच्या भिंतीसाठी दोन, आणि कोपऱ्यात बसून घुमणारा एक ठोकळा. शिवाय पुढे ठेवायला आणखी दोन उभे स्पीकर घ्यायचा विचार होता. मी सांगितलं, "अहो, या बैठकीत आता एक तर स्पीकर येतील नाही तर माणसं बसतील. काय ते ठरवा."

त्यांनी तोडगा काढला. नवे उभे स्पीकर घ्यायचेच नाहीत. सिनेमाचा डावा-उजवा आवाज नव्या रिसीव्हरमधून जुन्या प्रीअँपमध्ये सोडायचा आणि तिथून त्या थोरल्या जोडीकडे. बाकीचे स्पीकर थेट नव्या रिसीव्हरवर. म्हणजे गाणी ऐकायला जुनंच सगळं, आणि सिनेमाला जुनं-नवं एकत्र. एक अख्खा रविवार ही सोयरीक जुळवण्यात गेला. शेवटी सोफ्यावर एक छोटा माईक ठेवून रिसीव्हरने प्रत्येक स्पीकरमधून फुसफुस आवाज काढले आणि कोण किती बोलतो याचं माप घेतलं. तोवर आम्ही कुणी हूं की चूं करायचं नाही. मी भाजी करपू दिली, पण झाकण वाजवलं नाही.

हे सगळं आबा, म्हणजे माझे सासरे, दारात उभं राहून बघत होते. त्यांनी हयातभर शेतीच्या जोडीला लाऊडस्पीकरचा धंदा केला. आसपासच्या गावांतली लग्नं, जत्रा, कुस्त्यांचे फड, सगळीकडे आबांचे कर्णे असायचे. त्यातले दोन अजून गोठ्यात टांगलेले आहेत आणि एकात चिमण्यांचं घर आहे. आमच्या मागच्या बंगल्यांत शनिवार-रविवारी पुण्याची मंडळी येऊन दणदणाट करतात, तेव्हा आबा तुच्छतेने म्हणायचे, "ह्यो आवाज न्हवं, ही मारामारी. आवाज मोठा नसतोय, त्यो पोचला पायजे."

म्हणायचे, असं लिहिलं. कारण दोन वर्षांपासून ते म्हणत नाहीत. तो दणदणाट त्यांच्यापर्यंत पोचेनासा झाला आहे.

हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त आबांना मान्य नव्हतं. कानाचं मशीन आणलेलं कपाटात डबीतच होतं. "मला समदं ऐकू येतंय. तुमीच तोंडातल्या तोंडात बोलताय," असं म्हणून ते आम्हालाच झापायचे. ज्या माणसाने जन्मभर माईकसमोर उभं राहून "मागं आवाज येतोय का?" असं दुसऱ्यांना विचारलं, त्याने त्याच प्रश्नाला "न्हाई" म्हणायचं, हे जड जाणारच. पण हे शहाणपण आत्ताचं. तेव्हा मला फक्त राग यायचा. स्वयंपाकघरातून मी तीन-तीनदा जेवायला हाक मारायची, आबा जागचे हलायचे नाहीत. शेवटी हातातलं पीठ तसंच घेऊन समोर जाऊन उभी राहिले की म्हणायचे, "ऐकलं की. येतच हुतो." मी एकदा भडकून म्हटलं, "मग निदान ओ तरी देत जा!" ते खाली मान घालून ताटावर आले आणि त्या दिवशी एक भाकरी कमी खाल्ली.

रविवारी संध्याकाळी आम्ही तिघं मिळून सिनेमा बघायचो. नवरा घोटावडे, नेरे करत रोज हिंजवडीला जातो, माझी शाळा. आठवड्यातून तेवढेच दोन-अडीच तास आबा आमच्यात बसायचे. नवी जोडणी झाल्यावर दोन रविवार बसले, तिसऱ्या रविवारी सुरुवातीलाच उठले. "तुमचं चालू द्या. नुसतं गुरगुरतंय, मानसं काय बोलत्यात त्ये कळंना," असं म्हणून बाहेर ओट्यावर खुर्ची टाकून बसले. पुढच्या रविवारी आलेच नाहीत. सिनेमा सोडून माझं लक्ष त्या पाठमोऱ्या खुर्चीकडे. मला तिचा राग यायचा आणि रागाच्या खाली भीती होती. हा माणूस असाच घरातली एकेक जागा सोडत जाईल आणि आम्ही म्हणू, वय झालं.

खरी गंमत अशी की बोलणं मलाही कळत नव्हतं, आणि माझे कान ठणठणीत आहेत. पाऊस, गाड्या, बाजा सुरू झाला की फडताळातली भांडी थरथरायची, आणि माणसं बोलायला लागली की कुजबुज. नवरा म्हणे, सिनेमाचं ध्वनिमुद्रणच तसं आहे. सलग तीन सिनेमांचं तसंच होतं. मग परत तो माईक, परत ती फुसफुस. माप घेतल्यावर एक दिवस सगळं छान चालायचं आणि पुन्हा बिघडायचं.

असंच एका रविवारी मी वैतागून मोठ्याने म्हटलं, "आबांचं बरोबर आहे. काही कळत नाही यातलं." तेवढं मात्र ओट्यावर पोचलं. आबा आत आले. सिनेमा चालूच होता. ते थोरल्या स्पीकरपाशी वाकले आणि त्याच्या अंगाला तळहात लावला. मग दुसऱ्याला. मग गुडघे टेकून टीव्हीखालच्या आडव्या स्पीकरला. डॉक्टर छाती तपासतात तसं चाललं होतं.

"ह्यो मधला गडी बोलतोय," ते म्हणाले. "आन् ही दोगं त्येच्या डोक्यावर बसल्यात."

नवरा म्हणाला, "आबा, समदं मापात लावलंय मी." वडिलांशी बोलताना आमच्या साहेबांचं हिंजवडी गळून पडतं.

"माप कवा घेतलं? तवा ह्ये बटण कुटं हुतं?" आबांनी प्रीअँपच्या व्हॉल्यूमच्या बटणावर बोट ठेवलं.

नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. आबांनी मग मला समजावलं, कारण नवऱ्याला केव्हाच समजलं होतं. मधल्या स्पीकरला एकच कारभारी, नवा रिसीव्हर. थोरल्या जोडीला दोन कारभारी, आधी रिसीव्हर आणि वर प्रीअँप. नवरा सकाळी गाणी ऐकताना प्रीअँपचं बटण वर चढवायचा आणि तसंच सोडायचा. संध्याकाळी सिनेमाला थोरली जोडी त्या चढलेल्या बटणावर ओरडायची आणि मधला बिचारा मापात बोलत राहायचा. माणसांचं सगळं बोलणं त्या मधल्याकडे. काही प्रीअँपमध्ये म्हणे अशी सोय असते की सिनेमाच्या वेळी त्याचं बटण मध्ये पडतच नाही. आमच्यात ती नव्हती.

"मग शिणिमाला बटण येकाच जागी पायजे. खूण कर," आबा म्हणाले. आणि नवऱ्याने खूण कशाने करावी याचा विचार करेपर्यंत त्यांनी कोपरीच्या खिशातून तंबाखूची डबी काढली, चुन्यात करंगळीचं टोक बुडवलं आणि बटणाच्या कडेला पांढरा ठिपका दिला. घड्याळात बारा असतात तिथे सिनेमाचा. माप पुन्हा त्या ठिपक्यावर घेतलं. मग दोनच्या जागी दुसरा, गाण्यांचा. लग्नाच्या मांडवात ते असंच करायचे, एक खूण मंगलाष्टकांची, एक सनईची.

"आबा, लई नाजूक वस्तू हाय ती!" नवरा कळवळला. मी इतकी हसले की मला ठसका लागला. पण आबा त्या संध्याकाळी सोफ्यावर बसले, शेवटपर्यंत बसले, आणि मध्येच "ह्यो खोटं बोलतोय बग" असंही म्हणाले. मला फार बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी कुणाचं तरी बोलणं त्यांना आपोआप कळलं होतं.

त्यानंतर दुपारी आबा बैठकीत बसून जुनी गाणी लावायला लागले. एका सुट्टीच्या दिवशी मी भाकऱ्या थापत होते, तर बैठकीतून म्हणाले, "पोरी, जरा हाक मार की मला."

"कशाला?"

"आगं मार तर."

मी मारली. "आता परत." परत मारली. "आजून येकदा, नेहमीवानी मार." चौथ्या वेळी तव्यावरची भाकरी जळली आणि मी ओरडले, "मी काय माईक आहे का, हॅलो हॅलो करायला?"  दुसऱ्या दिवशी बटणावर तिसरा ठिपका दिसला, खूप खाली, आठच्या जागी. मला वाटलं, म्हाताऱ्याचा हात घसरला असेल.

पुढे एका शनिवारी मी घर झाडायला काढलं आणि ओल्या फडक्याने प्रीअँप लख्ख पुसला. तिन्ही ठिपके गेले. ज्यांना चुना चालत नव्हता तेच साहेब आता डोक्याला हात लावून बसले. सिनेमाचा ठिपका त्यांनी माईकने पुन्हा शोधला, गाण्यांचा त्यांना पाठ होता. मी म्हटलं, "आणि तिसरा? खाली होता, इथे." तो त्यांना माहीतच नव्हता.

मी आबांना विचारलं. "ऱ्हाऊ दे त्यो," ते म्हणाले आणि तंबाखूची डबी चाचपायला लागले. मी सोडणारी नव्हे. शेजारी बसले आणि तोंड त्यांच्याकडे करून पुन्हा विचारलं.

"त्यो तुजा हुता," ते म्हणाले.

"माझा म्हणजे?"

"तू सैपाकघरातनं हाक मारतीस न्हवं? बटण त्येच्या वर गेलं की तुजी हाक मला..."  मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "न्हाई ऐकू येत मला."

दोन वर्षं आम्ही ज्या वाक्यासाठी त्यांच्याशी भांडलो ते वाक्य असं आलं, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. तीन-तीन हाका, पिठाचे हात, ओ देण्यावरून केलेली कटकट, सगळं आठवून मला माझीच लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "पण आबा, एवढं खाली बटण असलं तर गाणं तरी ऐकू येतं का तुम्हाला?"

"गानी काय, पाठ हायेत मला," आबा म्हणाले. "तू कवा हाक मारशील त्ये पाठ असतंय व्हय?"

मी उठले. गाणं लावलं, आबांचा हात बटणावर ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. तिथून नेहमीच्या आवाजात हाक मारली. "आबा!" काही नाही. पुन्हा मारली. मारत राहिले. किती वेळा, मोजलं नाही. गाणं हळूहळू बारीक होत गेलं, मला जेमतेम ऐकू येईल इतकं. आणि मग बैठकीतून आवाज आला, "ओ."

मी बाहेर येऊन माझ्या कपाळावरची टिकली काढली आणि बटणाच्या कडेला, त्यांचं बोट होतं तिथे चिकटवली. ही फडक्याने निघत नाही. मग परत आत गेले आणि आणखी एकदा हाक मारली. काही काम नव्हतं.