साडभाऊंचं जाळीचं कपाट

बाजारात मिळणारी वस्तू जशीच्या तशी घरात आणून वापरणं हा ज्याला स्वतःचा अपमान वाटतो, असा माणूस अख्ख्या चंद्रपूर जिल्ह्यात एकच आहे आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. आमच्याकडे साडूला साडभाऊ म्हणतात. गडचांदूरकडच्या एका सिमेंट कारखान्यात त्यांनी जन्मभर विजेचं काम केलं आणि निवृत्त झाल्यावर मोर्चा नातेवाइकांच्या घरांकडे वळवला. त्यांच्या घरचा कूलर धान्याच्या जुन्या पत्र्याच्या कोठीपासून केलेला आहे, जेवायचं टेबल शिलाई मशीनच्या पायांवर उभं आहे, आणि आंघोळीच्या पाण्याचा बंब कशाचा आहे हे मी कधी विचारलं नाही, कारण उत्तराला अर्धा दिवस लागतो. माप घ्यायला त्यांना टेप चालत नाही. खिशात गाठी मारलेली सुतळी असते आणि कुठली गाठ कशाची हे त्यांनाच ठाऊक. यंत्र दिसलं की हाताची मागची बाजू त्याला लावून बघतात, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावी तशी. एका लग्नात ऐन जेवणाच्या पंगतीला मांडवात अंधार झाला. हे जनरेटर बंद करून त्याच्यापाशी उभे होते. "बिचाऱ्याले दम लागला होता," म्हणाले. निम्म्या वऱ्हाडाने मोबाइलच्या उजेडात बुंदी खाल्ली आणि नवरीचे वडील माझ्याकडे बघत राहिले, जणू मीच त्यांना घेऊन आलो होतो. खरं तर मीच घेऊन गेलो होतो.

माझा आणि त्यांचा स्वभाव जुळणं शक्य नव्हतं. मी सिंदेवाहीत धानाचा व्यापार करतो. दुसऱ्यांची पोती वाहत सुरुवात केली, आता स्वतःचं गोदाम आहे. मध्ये जे काही झालं ते भाव पाडून आणि आवाज चढवून झालं. समोरच्याने भाव सांगितला की माझं डोकं चालू लागतं. साडभाऊ कशाचाच भाव सांगत नाहीत. काम करतात, चहा पितात, निघून जातात. अशा माणसाशी भांडायचं तरी कुठून? वर ते मला शेठ म्हणतात, आणि म्हणताना हसतात. माझी मुलगी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहिली होती. रीतीप्रमाणे ती त्यांना मोठे बाबा म्हणते आणि मला नुसतं बाबा. रीत मला मान्य आहे. पण मोठे बाबा काही बोलले की ती लगेच मान डोलावते, आणि मी तेच बोललो की विचारते, कशावरून?

ही मुलगी पुण्याच्या कंपनीत लागली आणि काही वर्षांनी घरून काम करायची परवानगी घेऊन सिंदेवाहीला आली. वरची खोली मी तिच्यासाठी रंगवून घेतली. बायको सकाळी गाणं गुणगुणू लागली होती. पण कंपनीची अट होती की मीटिंगमध्ये नेट तुटता कामा नये. आमचं नेट म्हणजे फ्रिजच्या वर भिंतीला ठोकलेले तीन खिळे. एकावर राउटर, दुसऱ्यावर गोदामाच्या कॅमेऱ्यांचा डबा, तिसऱ्यावर वायरींचं जाळं, आणि सगळ्यांत मुंग्या. एप्रिलची दुपार झाली की राउटर तापून मान टाकायचा. मुलगी बोलता बोलता पुण्याच्या पडद्यावर तोंड उघडं ठेवून गोठायची. मे महिन्यातल्या मोठ्या मीटिंगमध्ये असं झालं तर सामान बांधून परत ये, असं तिच्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं.

मी दुसऱ्याच दिवशी नागपूर गाठलं. ही सगळी यंत्रं बंद करून ठेवायचं लोखंडी कपाट मिळतं, काचेच्या दाराचं. दुकानदाराला मी असा घासला की शेवटी त्याने हात जोडले. इतका चांगला सौदा मला धानातही कधी जमला नव्हता. कपाट घरी आलं, बायकोने बहिणीला फोनवर वर्णन केलं, आणि सकाळच्या एसटीने साडभाऊ हजर. त्यांनी ते उचलून अंगणात उन्हात ठेवलं, थोड्या वेळाने त्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शेठ, भाकर भाजाले मस्त हाय." मी म्हटलं, आत पंखा बसवता येतो. तर म्हणाले, पंखा गरम हवाच फिरवेल आणि मुंग्यांना वारा मिळेल. मुलगी म्हणाली, "मोठे बाबा बरोबर बोलून राह्यले." आयुष्यात मी घेतलेली वस्तू कधी परत केली नाही. ती केली. त्या दुकानदाराच्या चेहऱ्यावरचं समाधान मी अजून विसरलेलो नाही आणि साडभाऊंना माफही केलेलं नाही.

मग त्यांनी जुन्या गोठ्याच्या सागवानाचं कपाट करायला घेतलं. रोज यायचे, सुतळी लावायचे, एक फळी बसवायचे, दुसरी काढायचे. मी ओरडायचो, ते रंधा मारायचे. चारही बाजूंना बारीक जाळी, वर गरम हवा जायला झरोका, आणि चार पाय. त्याला तेल लावून, अंगणात वाळत ठेवून साडभाऊ घरी गेले आणि बायकोने त्यात दूध, दही, लोण्याचं गाडगं नीट लावून ठेवलं. तिची चूक म्हणता येणार नाही. तिच्या माहेरी दूध-दुभत्याचं कपाट हुबेहूब असंच होतं, आणि पाय मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे म्हणून तिने वाट्याही लावल्या होत्या. दुसऱ्या दिवशी साडभाऊ आले तेव्हा मी मुद्दाम दारात थांबलो. यांचा चेहरा पडलेला मला बघायचा होता. त्यांनी दह्यात डोकावलं, वाट्या बघितल्या आणि खूश झाले.

"मुंगी नाई चढली. बाई, आता गुळाचा खडा ठेवा. गुळाले बी नाई आली त मशीन ठेवू."

मुलीची नोकरी टांगणीला लागलेली आणि हा माणूस मुंग्यांना गूळ दाखवतोय. त्या दिवशी मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. त्यांनी गुळाचा खडा आतल्या फळीवर ठेवला. मग म्हणाले की पोरगी एकदा तोंडघशी पडली तर दुसरी संधी कंपनी देणार नाही, म्हणून घाई करायची नाही. गुळाला मुंगी लागली नाही. मग यंत्रं आत गेली, आणि वीज गेली तर असावी म्हणून खाली एक बॅटरीही. वायरी त्यांनी जुन्या लुगड्यांच्या रंगीत चिंध्यांनी बांधल्या, प्रत्येकीला वेगळा रंग.

मीटिंगच्या दुपारी अंगणात पाय ठेववत नव्हता. मुलगी वर बोलत होती, मी जिन्यात उभा होतो, आणि साडभाऊ कपाटाजवळ स्टूल टाकून जाळीला हात लावून बसले होते. मध्येच वीज गेली. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. कपाटातली बॅटरी चालू झाली होती. वरून मुलीचा आवाज न तुटता येत राहिला. मग ती खाली आली आणि म्हणाली, साहेबांनी इथूनच काम करायला सांगितलंय.

मी इतका खूश झालो की साडभाऊंना पहिल्यांदाच मनापासून चहा विचारला आणि म्हटलं, आता हे चार बोल्ट मारून भिंतीला पक्कं करू, आणि या दोन बाजूंच्या कड्या काढून टाका, कपाटाला पेटीसारख्या कड्या कशाला?

"काऊन ठोकाचं, शेठ?" ते म्हणाले. "पोरगी हाय. उद्या कंपनीनं बोलावलं, नाईत तिच्याच मनानं गेली, त सोबत नेता आलं पाह्यजे. मधून खोललं का दोन तुकडे होते त्याचे, कड्या धरून उचलता येते. जीपच्या मागच्या सीटवर बसते, मी मोजलं हाय."

मी म्हटलं, ती कुठी जात नाई.

"मंग तुम्हीच ठोका," असं म्हणून त्यांनी चहा संपवला, सुतळी गुंडाळली आणि एसटी धरली.

बोल्ट मी त्याच संध्याकाळी घासाघीस न करता आणले. भिंतीवर पेन्सिलीने खुणाही केल्या. गोदामाचं काम करणारा मिस्त्री येता-जाता विचारतो, शेठ, भोकं पाडून देऊ का? मी सांगतो, वर तिची मीटिंग चालू आहे, आवाज होईल, नंतर बघू. रविवारी मीटिंग नसते हे त्यालाही माहीत असावं. त्याने अजून तसं विचारलं नाही.