सहा ब्रह्मा पिल्लांची वाटणी

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी, चिंचणीत ब्रह्मा जातीच्या सहा पिल्लांची वाटणी झाली. पंच म्हणून मी हजर होतो. त्या वेळी मी बोईसरच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर होतो. पंचगिरी माझ्या कामात येत नव्हती. वरिष्ठांना फोन करून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "ब्रह्मा कुठल्या योजनेत बसते?"

"कुठल्याच नाही, सर."

"मग रविवारी जा."

वाद दोघांचा होता. जाधव मूळचे कराडकडचे, औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्स फोरमन, राहायला सरावलीत. मंजुळाबाय चिंचणीच्या किनाऱ्यावर मासळी सुकवून विकायची. अंडी जाधवांची होती. ती उबवणारी कोंबडी मंजुळाबायची होती.

ब्रह्मा ही वजनदार आणि शांत कोंबडी. पायाच्या बोटांपर्यंत पिसं, डोक्यावर तीन रेघांचा बुटका तुरा, वाढ सावकाश. जाधवांनी तिचा फोटो एका मासिकात पाहिला आणि निवृत्तीपर्यंत या जातीचा आपला कळप उभा करायचा, असं ठरवलं. मनोरच्या बाजारातून त्यांनी एक जोडी आणलीसुद्धा. ती घेऊन दवाखान्यात आले.

"पायाला पिसं बघा, डॉक्टर. अस्सल आहे."

मी कोंबड्याचे पाय कोमट पाण्यात धरले. पिसं पाण्यावर तरंगायला लागली. डिंक चांगल्या प्रतीचा नव्हता.

यानंतर मी त्यांना पालघरला परेरासाहेबांकडे नेलं. परेरासाहेब रेल्वेतून निवृत्त झालेले ब्रीडर. ब्रीडर म्हणजे नुसता कोंबड्या विकणारा नव्हे, एकाच रक्ताची ओळ पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध राखणारा. ब्रीडर कसा तपासायचा याचे प्रश्न जाधव पाठ करून गेले होते. ते विचारायची वेळच आली नाही. प्रश्न परेरासाहेबांनी विचारले. कोंबड्या कुठे ठेवणार? जमीन ओली की कोरडी? घरात कुत्रा आहे? बायकोला माहीत आहे?

शेवटच्या प्रश्नाला जाधव अडखळले. तरीही डझनभर अंडी मिळाली, माझ्या शब्दावर आणि एका अटीवर.

"पुढच्या दिवाळीआधी मी येणार. वाढलेली जोडी दाखवायची, नर आणि मादी. माझी ओळ जिवंत दिसली, तर पुढची अंडी. नाही दिसली, तर पुन्हा फाटकावर यायचं नाही. डॉक्टर, तुम्हीसुद्धा."

अंडी उबवायला खुडूक कोंबडी लागते. खुडूक म्हणजे अंडी घालणं थांबवून उबवायला बसलेली, हात लावला की टोचणारी. सरावलीत अशी कोंबडी मिळाली नाही, चिंचणीत मंजुळाबायकडे मिळाली. जाधव अंडी तिथेच ठेवून आले. वाटेत स्कूटरवर काही अंडी हिंदकळून वाया गेली होती. जगलेली पिल्लं सहा. ती न्यायला जाधव गेले, तेव्हा मंजुळाबायने अर्धी बाजूला काढली. कोंबडी एकाची आणि अंडी दुसऱ्याची असली, तर पिल्लं अर्धी अर्धी, असा तिथला रिवाज होता. जाधवांना तो कोणी सांगितला नव्हता. त्यांनी विचारलाही नव्हता.

"अहो बाई, कोंबडी मी भाड्यानं घेतली असं समजा," जाधव म्हणाले.

"माजी कोंबडी एकवीस दिस बसली हाय, भाऊ. तुमी बसला असता तं सगली तुमची."

जमलेल्या बाया हसल्या. जाधवांनी माझ्याकडे पाहिलं. मी रिवाज मान्य केला.

पिल्लं मासळीच्या पाटीखाली झाकली. दोघांनी आळीपाळीने हात घालून एकेक काढायचं ठरलं.

"यात कोंबडा कुठला?" जाधव माझ्या कानात कुजबुजले.

"तुरा लाल झाल्याशिवाय सांगता येत नाही. या जातीत तर उशीरच लागतो."

हात घालण्याआधी जाधवांनी फोरमनच्या आवाजात अट घातली. "एकदा वाटणी झाली की बदलाबदल नाही. नंतर हे नको, ते द्या, चालणार नाही. सगळ्यांसमोर सांगतो."

"बरां," मंजुळाबाय म्हणाली. "समद्यांनी आयकला ना?"

समद्यांनी ऐकलं होतं.

थंडी संपता संपता तुरे लाल झाले. मी दोन्हीकडे जाऊन पाहिलं. जाधवांची तिन्ही पिल्लं कोंबड्या निघाली. मंजुळाबायची तिन्ही कोंबडे. जाधव त्याच संध्याकाळी एक कोंबडी काखेत मारून चिंचणीला गेले आणि बदल्यात कोंबडा मागितला.

"बदलाबदल नाय," मंजुळाबाय म्हणाली. "अट कोनाची?"

जाधव कोंबडी घेऊन परत आले. एसटीच्या कंडक्टरने जाताना कोंबडीचं तिकीट मागितलं नव्हतं, येताना मागितलं.

शिमग्याला पहिला कोंबडा गेला. मे महिन्यात, भाच्याच्या हळदीला, दुसरा. पावसाळा संपत आला, तेव्हा जाधव युनिफॉर्मवरच दवाखान्यात आले.

"डॉक्टर, तिसऱ्याचं ठरलंय. तिचा जावई येतोय रविवारी. परेरासाहेब त्याच्या पुढच्या आठवड्यात येणार. मी त्यांना काय दाखवू, रस्सा?"

मी चिंचणीला गेलो. कोंबडा सुक्या वाळूत उभा होता. पायाची पिसं स्वच्छ, छाती रुंद. सरावलीतल्या कोंबड्यांची पिसं अंगणातल्या चिखलाने गोळा झाली होती. परेरासाहेबांची अट मी मंजुळाबायला सांगितली.

"जोडी दिसली तं त्यो मानूस आनखी अंडी देल?"

"देईल."

"कोनाला?"

"ते तो ठरवेल."

तिने कोंबड्याकडे पाहिलं, मग आत हाक मारली. "अगो, जावयाला सुरमई करू."

परेरासाहेब ठरल्या दिवशी चिंचणीला आले. जाधवांनी तिन्ही कोंबड्यांचे पाय धुऊन, वाळवून, करंडीतून आणले होते. चारही पक्षी वाळूत सोडले. परेरासाहेबांनी कोंबडा उचलला, तुरा पाहिला, बोटांची पिसं फुंकर मारून मोकळी केली. मग कोंबड्या पाहिल्या. जाधव रुमालाने मान पुसत होते.

"ओळ माझीच आहे. जोडी कोणाची?"

"कोंबड्या माझ्या, साहेब," जाधव म्हणाले.

"कोंबडा माजा," मंजुळाबाय म्हणाली.

"आणि ही वाळू?"

"ती पन माजी."

परेरासाहेबांनी गाडीतून अंड्यांची टोपली आणली आणि मंजुळाबायच्या हातात दिली. पायाला पिसं असलेली जात कोरड्या जागीच टिकते, एवढंच म्हणाले. जाधव आपल्या कोंबड्या करंडीत भरायला लागले.

मंजुळाबाय टोपली घेऊन खुराड्याकडे गेली आणि तशीच परत आली. त्या आठवड्यात तिची एकही कोंबडी खुडूक नव्हती. शेजारणींकडे चौकशी केली, त्यांच्याकडेही नव्हती.

जाधवांची एक होती. करंडीत घालताना तिने त्यांच्या बोटाला चोच मारली होती.